आगीत इमारत किती वेळ उभी राहते?

9 मे 2015 च्या संध्याकाळी मुंबईत काळबादेवीला गोकुळ निवास या जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीला आग लागली. विझवण्याचं काम चालू असतानाच इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अग्निशमन दलाचे अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले. गंभीर भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचाही तो महिना संपायच्या आत मृत्यू झाला. नंतर बरीच चर्चा झाली. गल्ल्या किती अरुंद, गणवेश किती जुने, वरिष्ठांनी आत शिरावं का. एक प्रश्न मात्र मागेच राहिला. ही इमारत आगीत किती वेळ तग धरेल याचा अंदाज कुणाकडे होता का, आणि तो ठेवणं कुणाचं काम होतं?

आगीपासून संरक्षण म्हटलं की लाल सिलिंडर, होज, पंप, टाकी हेच आठवतं. हे झालं विझवण्याचं सामान. दुसरं संरक्षण बांधकामातच मुरलेलं असतं. खांब-तुळया किती वेळ भार पेलतील, भिंत आणि स्लॅब आग पलीकडे जाऊ देतील का, दरवाजा धूर अडवेल का, जिना शेवटपर्यंत वापरता येईल का. त्याला वीज लागत नाही, बटण नसतं, ते नजरेतही भरत नाही. म्हणून कुणी त्याची विचारपूस करत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. बिल्डर कमीजास्त का होईना, हे संरक्षण देऊन जातो. पुढची वीस-तीस वर्षं मालक आणि सोसायट्या ते आपल्याच पैशाने काढून टाकत राहतात.

लाकडापासून सुरुवात करू, कारण त्याची बदनामी सगळ्यात जास्त आहे. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती गेल्या. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. त्याआधी 1803 च्या आगीत मुंबईच्या कोटातली दाट वस्ती जळाली आणि कोटाबाहेर नवं शहर वाढायला तिने हातभार लावला. तरीही जाडजूड सागवानी तुळई आगीत अचानक मोडत नाही. लाकूड बाहेरून मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढंच कोळसत जातं आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. फूटभर जाडीच्या तुळईकडे अर्धा तास नक्कीच असतो, बहुधा त्याहून जास्त. घात होतो तो सांध्यांत. तुळई जिथे खांबावर किंवा भिंतीत टेकते तिथली खाच, खिळे, पट्ट्या. वाळवीने पोखरलेली टोकं. मधल्या काळात कुणी घातलेल्या लोखंडी गर्डरचा आधार. त्यात खालच्या मजल्यावरची भिंत दुकानासाठी पाडलेली, वर पोटमाळ्यावर मालाचे गठ्ठे. मूळ सुताराने विचार करून उभारलेला सांगाडा शंभर वर्षांच्या फेरफारांनी असा झालेला असतो की त्याचा हिशेब आता कुणालाच मांडता येत नाही. काळबादेवी, भुलेश्वर, पुण्याच्या पेठा, नाशिकची जुनी वस्ती, सगळीकडे हीच कथा आहे.

लोखंडाची गोष्ट उलट आहे. ते जळत नाही म्हणून लोकांना भरवशाचं वाटतं. पण साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअसला पोलादाची निम्मी ताकद गेलेली असते. खोलीतल्या आगीसाठी प्रयोगशाळेत जो ठरावीक तापमानक्रम वापरतात त्यात पाचव्या मिनिटाला 576 अंश, अर्ध्या तासाला 842 आणि एका तासाला 945 अंश गाठले जातात. उघडा गर्डर एवढ्या लगेच तापत नाही हे खरं, पण सडपातळ असेल तर पंधरा-वीस मिनिटांत तो लवायला लागतो. शिवाय तो वाढतो. दहा मीटर लांबीची तुळई 500 अंशांनी तापली तर सुमारे सहा सेंटिमीटर लांब होते आणि ज्या भिंतीवर टेकली आहे तिला बाहेर ढकलते. म्हणून पोलादाला अग्निरोधक रंग, फवारलेला लेप किंवा बोर्डाचं आवरण द्यावं लागतं. एमआयडीसीतल्या किती शेडमध्ये हे आवरण दिसतं? पत्र्याचं छत, उघडे ट्रस आणि आत कापूस, कागद, प्लास्टिक, हे तर नेहमीचंच.

डिसेंबर 2017 मध्ये साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागून 12 कामगार गेले; ते आत माळ्यावर झोपले होते. मे 2025 मध्ये सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात आठ जण मेले, त्यात स्वतः कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरातली माणसंही होती. मालक म्हणजे लांब कुठेतरी एसी केबिनमध्ये बसलेला माणूस, हे चित्र आपल्या छोट्या उद्योगांना लागूच पडत नाही. इथे मालक खाली यंत्र चालवतो आणि वर राहतो.

आता आरसीसी. ‘आमची बिल्डिंग आरसीसी आहे, तिला काय आग लागणार?’ हे वाक्य कुठल्याही सोसायटीच्या सभेत ऐकायला मिळतं, आणि त्यात निम्मं तथ्य आहे. काँक्रीट उष्णता हळू आत जाऊ देतं. आतल्या सळया किती उशिरा तापतील हे ठरतं सळईवर काँक्रीटचा किती थर आहे त्यावर. साइटवर त्याला सगळे ‘कव्हर’ म्हणतात. भारतीय मानक 456 मध्ये याचे आकडे सरळ दिलेले आहेत. दोन तास आगीत टिकायचं तर दोन टोकांवर साधी टेकलेली तुळई असेल तेव्हा 40 मिलिमीटर कव्हर, तशाच स्लॅबला 35, खांबाला 40. स्लॅबची जाडी किमान 125 मिलिमीटर, आणि चारही बाजूंनी आग लागू शकेल अशा खांबाची रुंदी किमान 300. एका तासासाठी स्लॅब 95 मिलिमीटर चालतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत चार-साडेचार इंची स्लॅब सर्रास सापडतात, म्हणजे जेमतेम तास-दीड तासाची हमी. तीही कव्हर जागेवर असेल तर.

ते जागेवर असतं का, हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. कोकणपट्टीतल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या स्टिल्टखाली उभं राहून वर मान करा. वरच्या बाथरूमची गळती वर्षानुवर्षं मुरलेली असते. सळया गंजून फुगलेल्या असतात, फुगताना त्यांनी खालचं काँक्रीट ढकलून पाडलेलं असतं आणि लालसर-तपकिरी जाळी उघडी पडलेली दिसते. खाली पोपडे पडतात म्हणून कुणीतरी गाडीवर ताडपत्री घातलेली असते. सोसायटीच्या दृष्टीने हा ‘लीकेजचा इश्यू’ असतो. आगीच्या हिशेबात मात्र तिथे कव्हर शून्य आहे. नकाशावर दोन तासांची असलेली ती तुळई आता उघड्या लोखंडाच्या पंगतीला बसली आहे. आणि तिच्याच खाली पेट्रोलच्या गाड्या आणि हल्ली चार्जिंगला लावलेल्या स्कूटर.

मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. फायर ऑडिट वेगळं. एकाचा अहवाल स्ट्रक्चरल कन्सल्टंट देतो, दुसऱ्याचा फायरवाला. दोन्ही फायली सोसायटीच्या एकाच कपाटात शेजारी शेजारी असतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. स्ट्रक्चरलवाला उघड्या सळया लिहितो पण आगीचं नाव काढत नाही. फायरवाला पंपाचा दाब लिहितो आणि मान वर करत नाही. दुरुस्तीचं काम निघालं की ठेकेदार सळयांना रसायन लावून पॉलिमर मॉर्टरचा थर चढवतो. तो थर पाण्याला चांगला. आगीला किती, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

इमारत पडणं ही तशी टोकाची गोष्ट. आगीत माणसं बहुतेक वेळा मरतात ती धुराने, आणि अनेकदा आगीपासून बरेच मजले वर. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावात झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या जय भवानी इमारतीत पहाटे आग लागली. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये कपड्यांचे गठ्ठे आणि गाड्या होत्या, आग तिथेच होती. धूर जिन्याने वर चढला आणि निदान सात जणांचा जीव गेला. 1997 मध्ये दिल्लीच्या उपहार सिनेमागृहातही आग खालच्या पार्किंगलगतच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू झाली आणि 59 प्रेक्षक मेले ते वर बाल्कनीत. 2011 मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात गाड्यांसाठी असलेल्या तळघरात सामान साठवलेलं होतं. तिथला धूर वर वॉर्डांत पोचून नव्वदच्या आसपास माणसं गेली. तीन शहरं, पंचवीसेक वर्षं, आणि खालच्या मोकळ्या जागेत साठलेलं तेच ते.

पार्किंगची जागा नकाशात ‘पार्किंग’ म्हणून मंजूर होते तेव्हा तिथे किती जळाऊ सामान असेल याचा एक अंदाज त्यामागे असतो. तिथे गोदाम आलं की तो अंदाज मोडीत निघतो, मग वरचा स्लॅब कितीही जाड असो. जिना आणि पार्किंग यांच्यामध्ये आपोआप बंद होणारा अग्निरोधक दरवाजा हवा असतो. बहुतेक जुन्या इमारतींत तिथे एक मोकळी कमान असते आणि तिच्यात वॉचमनची खुर्ची.

दरवाजा असला तरी तो बंद असेलच असं नाही. टॉवरमध्ये फायर डोअर असतात. राष्ट्रीय इमारत संहिता त्यांच्याकडून 120 मिनिटांची अपेक्षा करते. त्यांना वरून दार आपोआप बंद करणारा क्लोजर लावलेला असतो, म्हणून ते जड लागतात. मग कामवाल्या बाईंना, कुरिअरवाल्याला, सायकल घेऊन जाणाऱ्या मुलाला त्रास नको म्हणून कुणीतरी खाली लाकडी पाचर ठोकतं, किंवा कडीला सुतळी बांधून दार भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवतं. हजारो रुपयांचा दरवाजा एका सुतळीने निकामी होतो. काही ठिकाणी तर बिजागरीचा आवाज होतो म्हणून क्लोजरच काढून टाकलेला असतो, आणि कमिटीच्या वहीत त्याची नोंद ‘तक्रार निवारण’ अशी.

मजल्यावरची इलेक्ट्रिक डक्ट एकदा उघडून बघा. दार उघडलं की मीटरच्या केबल, त्यांच्यावर टीव्हीच्या, त्यांच्यावर तीन-चार कंपन्यांच्या इंटरनेटच्या. खाली केरसुणी, पोछ्याची बादली, गणपतीच्या मखराचं थर्माकोल. आणि तळाशी, स्लॅबमध्ये, केबल जाण्यासाठी पाडलेलं भोक. त्यातून खालच्या मजल्याचा दिवा दिसतो. प्रत्येक मजल्यावर हे भोक अग्निरोधक सामग्रीने बंद करायचं असतं, आणि भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) घेताना बहुधा ते केलेलंही असतं. नंतर इंटरनेटवाला येतो, छिन्नीने ते फोडतो, आपली वायर घालतो आणि निघून जातो. मीटरच्या खोलीत आग लागली की विसाव्या मजल्यापर्यंत धुराडं तयार. हे भोक बुजवायला लागणारा खर्च लॉबीत नवं झुंबर लावण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तरी सर्वसाधारण सभेत झुंबरावर चर्चा होते.

काचेच्या दर्शनी भागांचं दुखणं याच जातीचं. स्लॅबची कड आणि बाहेरची काच यांच्यामध्ये फट राहते. ती नीट भरलेली नसेल तर प्रत्येक मजला वेगळा ठेवण्याला काही अर्थच उरत नाही. बाहेरच्या आवरणाने काय होतं ते लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने 14 जून 2017 ला दाखवलं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली आग खिडकीबाहेर पडली आणि नूतनीकरणात लावलेल्या, प्लास्टिकचा गाभा असलेल्या अॅल्युमिनियम पत्र्यांवरून अर्ध्या तासाच्या आत 24 मजल्यांच्या माथ्यावर गेली. 72 माणसं मेली. मूळची काँक्रीटची इमारत उभी राहिली. आपल्याकडे दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या दर्शनी भागावर असे पत्रे सर्रास ठोकले जातात, आणि गाभा कशाचा आहे हे ग्राहक विचारत नाही, विक्रेता सांगत नाही.

रुग्णालयात या सगळ्याला वेगळंच वजन येतं, कारण तिथे माणसं पळू शकत नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला जिन्याने उतरवणं शक्य नसतं. त्याला त्याच मजल्यावर, अग्निरोधक भिंतीपलीकडे सरकवायचं असतं. म्हणजे मजल्याचे निदान दोन भाग हवेत आणि मधलं दार खरोखर बंद होणारं हवं. 9 जानेवारी 2021 ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात 17 बाळं होती. एका भागातली 10 गेली, शेजारच्या भागातली 7 वाचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या अतिदक्षता विभागात आग लागली. प्रत्येक वेळी ऑडिटचे आदेश निघाले. त्या आदेशांत वायरिंग होतं, सिलिंडर होते, एसी होते. भिंतींबद्दल फारसं काही नव्हतं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. त्याचं कलम 3 बांधणारा, मालक, भोगवटादार, ‘किंवा कोणत्याही नावाने ओळखला जाणारा’ अशा सगळ्यांना एका दावणीला बांधतं: राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उपाययोजना करा आणि त्या चालू स्थितीत ठेवा. दर जानेवारीत आणि दर जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तसं प्रमाणपत्र घेऊन द्या. हाच तो ‘फॉर्म बी’. मूळ कायद्यात कसुरीला किमान सहा महिने ते तीन वर्षं सक्तमजुरी आणि 20 ते 50 हजार रुपये दंड सांगितला आहे. अधिकाऱ्याला वीज-पाणी तोडण्याचे, जागा रिकामी करण्याचेही अधिकार आहेत. कागदावर कायदा कडक आहे.

व्यवहारात फॉर्म बी म्हणजे एजन्सीचा माणूस येतो, पंप चालू करतो, होज उलगडतो, सिलिंडरवर नवं स्टिकर लावतो आणि बिल देतो. तो जे बसवू किंवा विकू शकतो तेच तपासतो. डक्टमधलं भोक, काढलेला क्लोजर, उघडी सळई यांना त्याच्या यादीत क्वचितच जागा असते. इंग्लंडने ग्रेनफेलनंतर एक साधी गोष्ट केली. 11 मीटरहून उंच निवासी इमारतींत सामाईक जागेतले फायर डोअर दर तीन महिन्यांनी आणि फ्लॅटची प्रवेशदारं वर्षातून एकदा तपासायची, हे 2022 च्या नियमांत लिहून टाकलं. त्याच वर्षीच्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच इमारतींसाठी ‘जबाबदार व्यक्ती’ नावानिशी ठरवायला लावली. आपल्याकडे ‘कोणत्याही नावाने ओळखला जाणारा’ म्हटल्यामुळे सगळेच जबाबदार आहेत, आणि सगळे जबाबदार असले की काय होतं ते सार्वजनिक नळावर दिसतं.

मालक म्हणजे नेमकं कोण, या प्रश्नाचे आपल्याकडे भलतेच गुंते आहेत. मुंबईत पागडीच्या इमारतीत घरमालकाला भाडं मिळतं ते महिन्याच्या वीजबिलाइतकंही नसतं. तो म्हणतो दुरुस्ती भाडेकरूंनी करावी. भाडेकरू म्हणतात इमारत तुमची. उपकरप्राप्त इमारत असेल तर तिसरं म्हाडाचं दुरुस्ती मंडळ. सोसायटी असेल आणि अभिहस्तांतरण झालेलं नसेल, तर जमीन आणि इमारत कागदोपत्री अजून बिल्डरची, आणि तो कधीच दुसऱ्या तालुक्यात दुसरा प्रकल्प करतो आहे. तरी रोजचा ताबा सोसायटीचा आहे. भोगवटादार म्हणून कायद्याचं बोट तिच्याकडेच वळतं, आणि सोसायटी म्हणजे शेवटी कमिटीवरचे निवृत्त बँक कर्मचारी आणि शाळामास्तर. एका सभासदाने जिन्यात चपलांचं कपाट ठेवलं तर ते काढायला सांगण्याची त्यांची हिंमत नसते, कारण उद्या त्याच माणसाच्या घरी लग्न असतं. रेरा या स्थावर संपदा कायद्याखाली ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. त्या मुदतीत डक्ट, दरवाजे आणि कव्हर तपासून घेणारी सोसायटी मी तरी पाहिलेली नाही. सगळा जोर गळतीवर आणि क्लब हाऊसवर.

भाड्याने दिलेल्या जागेत तर न्यायालयांचे निर्णयही दोन दिशांना गेलेले दिसतात. उपहारमधला ट्रान्सफॉर्मर वीज मंडळाचा होता, पण सिनेमागृहाच्या मालकांनी जादा खुर्च्या बसवून बाहेर पडण्याची वाट बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्यांचा दोष कायम केला आणि 2015 मध्ये मालक असलेल्या दोघा भावांना प्रत्येकी 30 कोटी रुपये दंड ठोठावला. मुंबईच्या कमला मिलमध्ये 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र उलटल्यावर, गच्चीवरच्या रेस्टॉरंट-पबच्या आगीत 14 जण मेले, बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरून. तिथे 2020 मध्ये सत्र न्यायालयाने मिलच्या मालकांना आरोपमुक्त केलं; जागा त्यांनी भाड्याने दिलेली होती. गाळा भाड्याने देणाऱ्याने यातून ‘भाडेकरार केला की सुटलो’ असा धडा घेतला तर तो धोक्यात आहे. 2006 चा कायदा मालक आणि भोगवटादार दोघांचीही नावं घेतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे हयगयीने मृत्यू झाल्यास शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत आहे. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षं होती. करारात एवढं तरी लिहावं: भाडेकरू माळा टाकणार नाही, वाट अडवणार नाही, जळाऊ छत घालणार नाही, आणि मालक दर सहामाहीला स्वतः येऊन बघेल. बघून गेल्याची नोंद ठेवावी.

फ्लॅटधारकाला वाटतं, आपल्या दाराच्या आत आपण राजे. इंटीरियरचं काम निघतं. शेजारचे दोन फ्लॅट जोडताना मधली भिंत जाते. जाड मुख्य दार काढून कोरीव पण पोकळ दार येतं. स्वयंपाकघर उघडं करायचं म्हणून लॉबीकडची भिंत निम्मी होते. फॉल्स सीलिंगच्या वर वायरिंगचं जाळं लपतं. खिडक्यांना बॉक्स ग्रिल बसतात, आणि त्यांना आतून उघडणारी खिडकी नसते, म्हणजे शिडी आली तरी माणूस बाहेर काढता येत नाही. इमारतीच्या दृष्टीने प्रत्येक फ्लॅट हा एक वेगळा कप्पा असतो. आग त्यात कोंडून राहावी, शेजाऱ्याला निघायला वेळ मिळावा, हाच त्या भिंती-दारांचा उद्देश. म्हणून सोसायटीने नूतनीकरणाला परवानगी देताना डिपॉझिट आणि लिफ्टचे पैसे घेऊन थांबू नये. मुख्य दार काय लावणार, कुठली भिंत जाणार, डक्टला हात लावणार का, एवढे तीन प्रश्न लेखी विचारले तरी पुष्कळ.

रिफ्यूज एरियाचं तर बोलायलाच नको. उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर ही जागा मोकळी सोडलेली असते. जिन्याने सगळं खाली उतरणं न जमणाऱ्यांनी तिथे थांबायचं. इतर दिवशी ती रिकामी, हवेशीर, समुद्र दिसणारी जागा असते. मग तिथे योगवर्ग भरतो, जुने सोफे येतात, एखाद्या ठिकाणी काच लावून जिम होतो. दार ‘चोऱ्या होतात’ म्हणून कुलूपबंद आणि किल्ली वॉचमनकडे, चोवीस मजले खाली.

पैसे नाहीत ही सबब अर्धीच खरी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड गोळा करायचा असतो. बहुतेक ठिकाणी हे आकडे इमारत बांधली त्या साली जे होते त्याच खर्चावर अडकलेले असतात, त्यामुळे मोठं काम निघालं की प्रत्येकी लाखभराची मागणी येते आणि सभा उधळते. यातून वाट काढायची तर कामांचा क्रम बदलावा लागेल. डक्टची भोकं, दारांचे क्लोजर, जिना आणि पार्किंगमधलं सामान, रिफ्यूज एरियाचं कुलूप: ही सगळी कामं एका वर्षाच्या चालू मेंटेनन्समधून होतात. उघड्या सळया आणि कव्हर हे मोठं काम. ते स्ट्रक्चरल दुरुस्तीच्या निविदेतच घालावं, आणि कन्सल्टंटकडून लेखी घ्यावं की दुरुस्तीनंतरची तुळई आगीत किती वेळाची आहे.

आग लागून गेल्यानंतर काय करायचं, हा शेवटचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. अग्निशमन दल निघून गेलं की पंचनामा होतो, विमा असेल तर सर्वेक्षक येतो. 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे, पण सोसायटीच्या नावाने संपूर्ण इमारतीचा विमा काढलेला फार कमी ठिकाणी दिसतो. फ्लॅटवाला आपलं फर्निचर आणि टीव्ही मोजत असतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचा स्लॅब कुणाच्या यादीत नसतो. तापलेलं काँक्रीट पाण्याच्या माऱ्याने एकदम थंड झालं की त्याला बारीक भेगा पडतात. सळई आणि काँक्रीटची पकड सैल झालेली असू शकते. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी आणि दोन-चार ठिकाणचे कोअर काढून हे तपासता येतं. खर्च सोसायटीचा, कारण स्लॅब हा सामाईक भाग. पण जागा एका सभासदाच्या घरात, म्हणून तो म्हणतो आधी मला राहायला जाऊ द्या. यावर उपविधींत स्पष्ट कलम घालता येईल: आग लागलेल्या खोलीच्या वरचा, खालचा आणि शेजारचा भाग तपासून अभियंत्याचं पत्र येईपर्यंत तिथे गिलावा करायचा नाही. गिलावा झाला, वर पीओपी आणि दोन हात रंग चढला, की आतलं काँक्रीट तपासायला पुन्हा ते सगळं फोडावं लागतं, आणि त्याला कुठलाच सभासद तयार होत नाही.